माझी मुलगी शाळाबाह्य होती तेव्हा

४ जुलै २०१५ हा शनिवार माझ्या लक्षात राहिला, कारण रमजान चालू होता, रोजा होता आणि आम्हा शिक्षकांना दिवसभर घरोघरी फिरायचं होतं. राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं. हातात फॉर्म आणि शाईची बाटली. ज्या मुलाची नोंद झाली त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची, मतदानाला लावतात तशी. बारामतीतली आमचीच वस्ती माझ्या वाट्याला आली होती. उर्दू शाळेची बाई म्हणून बहुतेक घरं ओळखीची, त्यामुळे दारात कुणी अडवलं नाही.

एका घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी खाली बसून ओढणीला गोट लावत होती. हात इतका सफाईदार की मी दोन मिनिटं बघतच राहिले. शाळेचं विचारल्यावर तिची आई म्हणाली, "घरमेंच पढ़ती जी. कुरान पढ़ती, सिलाई सीखती." मी मान डोलावली आणि फॉर्मवर 'शाळाबाह्य' लिहिलं. बाहेर पडताना मनात म्हटलं, घरीच शिकते म्हणे. बहाणे सगळे. बीएड झालेली बाई होते मी. मला सगळं कळत होतं.

सात वर्षांनी, जुलै २०२२मध्ये, तसाच फॉर्म घेऊन एक तरुण शिक्षिका माझ्या दारात उभी राहिली.

मधे काय झालं ते सांगते. आमची धाकटी २०२०च्या जूनमध्ये पहिलीत गेली, म्हणजे मोबाइलमध्ये गेली. शाळा बंदच होत्या. पहिली आणि अर्धी दुसरी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ, माझ्या शेजारी बसून केली. डिसेंबर २०२१मध्ये लहान मुलांचे वर्ग उघडले आणि तिला पहिल्यांदा खरा बाक मिळाला. तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. घरात ती थोडी अडखळत बोलायची, विशेषतः प, ब, म आले की. आम्ही म्हणायचो, मोठी झाली की जाईल. पण वर्गात हजेरी घेताना 'प्रेझेंट' म्हणायची पद्धत होती. म्हणजे रोज सकाळी पहिलाच शब्द प-वरून. ती उभी राहायची, ओठ घट्ट मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. आधी मुलं हसली, मग वाट बघून हसायला लागली. बाईंनी एकदा घाईत हाताने 'बस खाली' अशी खूण केली. शाळेचं नाव सांगत नाही. चाळीस-पन्नास मुलांची हजेरी घेणाऱ्या बाईची घाई मला ठाऊक आहे, मीही ती केलेली आहे.

फेब्रुवारीत तिनं दप्तर उचलायचंच सोडलं. रडली नाही, भांडली नाही. फक्त उठायची नाही.

मी तेव्हा एका विनाअनुदानित शाळेत अर्धवेळ शिकवत होते आणि संध्याकाळी घरी उर्दू-मराठीच्या शिकवण्या घेत होते. शाळेतलं काम सोडलं. हे म्हणाले, "बीएड बाईची पोरगी घरी बसली, असं म्हणतील लोक." म्हटलं, म्हणू देत. म्हणायला सोपं होतं.

घरी शिकवायचं म्हणजे काय, याचे व्हिडिओ बघून मला आधी धडकीच भरली. रंगीत कागद, थर्माकोल, दर आठवड्याला नवा 'प्रोजेक्ट', भिंतीवर इंग्रजी महिन्यांचे तक्ते. मी आठवडाभर तसलं करून पाहिलं. घर नर्सरीसारखं दिसायला लागलं आणि पोरगी कंटाळली. मग तिला घेऊन इंदापूरला माहेरी गेले, पंधरा दिवसांसाठी, आणि तिथं अम्माची गोधडी चालू होती.

माझे नाना पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून कापूस पिंजायला गावोगावी जायचे. ताणलेल्या तातीचा तो आवाज मी लहानपणी ऐकलाय, नंतर फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण अडगळीत गेली. घरातल्या बायका मात्र गोधड्या शिवत राहिल्या. अम्माचे नियम कडक आहेत. गोधडीत नवं कापड घालायचं नाही. आत मऊ झालेल्या साड्या, खाली अस्तर, वर तुकडे. कडेनं सुरुवात करून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. टाके तांदळाएवढे. धाकटीनं पहिल्या दिवशी बोटभर लांबीचे टाके घातले तेव्हा अम्मा म्हणाली, "इत्ते बड़े टांके कैकू? मच्छर घुसेगा इसमें से." पोरगी खदखदून हसली. कित्येक आठवड्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

गणित त्या गोधडीवर झालं. सहा फूट बाय चार फूट, तुकडा सहा इंचाचा, तर तुकडे किती? तिनं आधी सगळे अंथरून मोजले, शहाण्णव. मग ओळीत बारा, ओळी आठ, हे तिचं तिलाच दिसलं. आठाचा पाढा मी वेगळा घेतलाच नाही. अर्धा चौकोन, पाव चौकोन, तिरका कापला की होणारा त्रिकोण, हे सगळं कात्रीनं शिकवलं. कापड वाया गेलं की अम्मा ओरडायची, त्यामुळे उत्तर चुकवणं परवडण्यासारखं नव्हतं.

अशातच मी तिला सिद्दी बायकांच्या कवंदीचे फोटो दाखवले. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या बाजूला आफ्रिकी वंशाचे हे लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. त्यांच्या बायकाही कडेकडून शिवत मध्यावर येतात आणि चारही कोपऱ्यांवर चिंध्यांच्या त्रिकोणी घड्यांचं 'फूल' बसवतात. फुलाशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या म्हणतात. अम्माला हे फार पटलं. आमच्या गोधडीला तेव्हापासून चार फुलं आहेत.

शिवता शिवता शब्द निघायचे. अस्तर, रफू, जरी, मखमल, रुमाल, शाल. अम्मा हे शब्द आमच्या दखनीत बोलायची, शेजारच्या कुंभारकाकू मराठीत बोलायच्या, आणि शब्द तेच. सगळे फारसीतून आलेले, काहींच्या अंगावर मराठी प्रत्यय चढलेले. शब्द लिहायला मी जाड सुतानं एक वही शिवली. मराठी डावीकडून सुरू होते, उर्दू उजवीकडून. एका बाजूनं उघडली की मराठीचं पहिलं पान, पालथी करून दुसऱ्या बाजूनं उघडली की उर्दूचं पहिलं पान. दोन्ही लिखाणं मधल्या पानाकडे सरकत राहतात. वीस वर्षं दोन भाषा शिकवल्या, पण दोन विषयांच्या दोन वह्या आणि दोन तास सोडून दुसरं काही मला कधी सुचलं नव्हतं. वेळापत्रकात बसत नसावं.

बोलण्याचं मात्र काय करावं ते कळत नव्हतं. पुण्याच्या वाचातज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, घाई करू नका, तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, आणि बोलण्याचा आनंद जाऊ देऊ नका. तिसरी गोष्ट कशी करायची हे मला मोरोपंतांनी शिकवलं, असं म्हटलं तर माझ्या शाळेतले जुने सर खूश होतील. मोरोपंत (१७२९–१७९४) जन्मले पन्हाळ्याला, पण राहिले आमच्या बारामतीत, कऱ्हेच्या काठी. त्यांनी १०८ रामायणं लिहिली, त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठांना ओठ न लागता म्हणायचं. म्हणजे प, फ, ब, भ, म नाहीत. रामाची गोष्ट आणि त्यात 'म' नाही!

आम्ही त्याचा खेळ केला. ओठ न मिटता बोलायचं, ओठ मिटले की एक शेंगदाणा द्यायचा. "काल रात्री दादानी दही-साखर खाल्ली." पास. अम्मानं कान टवकारून लगेच भर घातली की लाइलाहा इल्लल्लाह म्हणताना ओठ लागत नाहीत, मुहम्मद म्हणताना लागतात, हे तिला तिच्या नानीनं सांगितलं होतं. धाकटी या खेळात आम्हा सगळ्यांना हरवायची, कारण जी अक्षरं आम्ही विसरून बोलत होतो त्यांची तिला आधीपासून धास्ती होती. वाटेत कुठं खड्डा आहे हे तिला पाठ होतं. एक अडचण आली. 'अम्मी' म्हणता येत नाही. दोन ओठ, जोडाक्षर. ती थोडा वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, "आई, शाळा नको."

एकही अक्षर अडकलं नाही. मी शेंगदाणे सोलत होते, तशीच सोलत राहिले.

अडखळणं त्या खेळानं गेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. कुणी उपाय म्हणून हे पुढं पाठवू नये. ती आजही अडखळते, पण बोलते.

जूनअखेरीस तुकोबांची पालखी बारामतीतून इंदापूरकडे निघाली. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, पुढं मेंढ्यांचं रिंगण होतं. ते तिला दाखवायला घेऊन गेले. तिनं धोतरं मोजायचा प्रयत्न केला आणि गर्दीत आकडा चुकली. घरी येऊन उर्दूच्या बाजूला पायघडीसाठी शब्द शोधत बसली. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघून झाले, पलासदेवचं पाण्यात उभं देऊळ लांबून बघून झालं. निमगाव केतकीला पानमळा. आमच्या दोन तालुक्यांत मूल शिकवायला काय कमी आहे?

त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, १० जुलैला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती शिक्षिका दारात आली. 'मिशन झिरो ड्रॉपआउट'चं सर्वेक्षण होतं. तिनं मला ओळखलं आणि तिलाच अवघडल्यासारखं झालं. "मॅडम, तुम्हाला काय विचारायचं," म्हणत तिनं विचारलं. शाळेत नाव आहे, पण सलग महिनाभराहून जास्त गैरहजर, वय सहा ते चौदाच्या आत. व्याख्या मला तिच्यापेक्षा पाठ होती. मी वही दाखवली, गोधडी दाखवली, आठाच्या पाढ्याची गोष्ट सांगितली. तिनं कौतुकानं सगळं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण मॅडम, रकाना नाही."

खरंच नव्हता. शिक्षण हक्काचा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. कलम १० सांगतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल एक शब्दही नाही. परीक्षेचे रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा चौदाव्या वर्षापासून देता येते, मराठीतही आणि उर्दूतही. आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म तर घराघरात माहीत आहे. लोक मला मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण द्यायचे. सातवीत शाळा सोडली, आईनं घरी शिकवलं, ऑलिंपियाडची पदकं मिळवली आणि २०१६मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. पण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून तिला आयआयटीचं दार बंद होतं, हा अर्धा भाग सांगणारे कमी भेटले.

"लिही," मी म्हटलं. तिनं 'शाळाबाह्य' लिहिलं. २०१५ची ती ओढणीवाली मुलगी मला त्या दिवशी रात्रभर दिसत होती. तिचे टाके माझ्या मुलीच्या टाक्यांपेक्षा कितीतरी सरस होते.

दोन वर्षं अशी गेली. हळूहळू माझी कीर्ती झाली. दिवाणखान्यात धाकटीनं बोरूनं लिहिलेला बिस्मिल्लाह टांगलाय. मीम थोडा कलंडलाय, शाईचा एक थेंब तसाच आहे. एक नातेवाईक म्हणाल्या, बाजारात सोनेरी फ्रेममध्ये मिळतो, लाइट लागतो त्यात. असेल. आमच्याकडे लाइट न लागणारा आहे. टीव्हीवर क्रोशाचं झाकण घालणाऱ्यांना मी हसायचे, आता धाकटीनं विणलेलं झाकण आमच्या मिक्सरवर आहे. घरात केलेल्या वस्तूला जरा जास्त जागा द्यावी लागते, अडचण सोसावी लागते. येणारे-जाणारे फोटो काढून न्यायचे. मलाही ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग २०२३च्या पावसाळ्यात इंदापूरला गेले असताना कळलं की मामेभावानं त्याच्या मुलीला सातवीनंतर शाळेतून काढलं. गावात सातवीपर्यंतच शाळा, पुढं एसटीनं जायचं. मी चिडले. कायदा सांगितला, सावित्रीबाई सांगितल्या. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आपा, तुम्हारी बी तो घरमेंच है ना?"

माझ्याकडे उत्तर होतं, लांबलचक. माझी मुलगी अडखळते, मी शिक्षिका आहे, माझ्या घरात दोनशे पुस्तकं आहेत, माझी मुलगी परत जाणार आहे. ते सगळं मी बोललेही. पण माझं उदाहरण त्यानं सगळ्या नातेवाइकांत आधीच वापरून झालं होतं. बीएड झालेली आपा घरी ठेवते, तर आम्ही का नको?

पुढच्या एप्रिलमध्ये, रमजान ईदला, ती मुलगी आमच्याकडे आली. चौदावं लागलेलं. घरात फॉल-पिकोचं मशीन आलं होतं आणि तीच चालवत होती. दिवसाला किती साड्या होतात हे ती हिशेबानं सांगत होती, बापापेक्षा चोख. शीरखुर्मा झाल्यावर धाकटीनं अर्धी राहिलेली गोधडी काढली आणि दोघी बसल्या. धाकटी टाका घालताना मधेच थांबून मला त्रिकोणाबद्दल काही विचारायची. ही न बोलता वीत-वीत पुढं जात होती. एकीला सुई दिली की आम्ही टाळ्या वाजवतो आणि त्याला शिक्षण म्हणतो. दुसरीची सुई चालली की घराला हातभार लागतो. गोधडी तीच होती, चटई तीच. मी समोर बसून दोघींना बघत होते आणि दोन वर्षांचा माझा अभिमान मला कुठं ठेवावा ते कळेना.

जाताना तिनं वही दोन्ही बाजूंनी उघडून पाहिली. मधल्या पानापर्यंत आली, बोट ठेवून मराठीची एक ओळ सावकाश वाचली, एका जोडाक्षरावर अडली. सातवी पास मुलगी, एका वर्षात वाचन असं मंदावलं होतं. म्हणाली, "फुफी, मेरेकू बी ऐसी एक वही देव ना."

वही दिली असती तर माझं काम भागलं असतं. त्या रात्री यांना म्हटलं, धाकटी जूनमध्ये शाळेत जाईल, आणि ती पण, इथूनच. हे बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "धाकटीला विचारलंस?" विचारलं. ती म्हणाली, 'प्रेझेंट'चं काय?

पाचवीच्या नव्या शाळेत मी आधी एकटी जाऊन वर्गशिक्षकांना भेटले. विनंती एकच होती. मुलांना 'हजर' म्हणू द्या. सर म्हणाले, सगळ्या वर्गालाच म्हणायला लावतो की, त्यात काय. इतकं सोपं होतं ते. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्या शाळेत हे मागायलाही गेले नव्हते, काम सोडून मोकळी झाले होते. हे लिहिताना अजून टोचतं. आपल्या आजूबाजूला असं मूल असेल तर आधी शाळेत जाऊन बोला.

मामेभावाशी मात्र दोन महिने भांडण चाललं. त्याला वाटत होतं, वर्ष गेलं, आता कोण घेणार? कलम ४ खाली मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवी पुरी होईपर्यंत शिक्षण मोफत असतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम ५. हे मी त्याला कागदावर लिहून दिलं, कारण बोललेलं तो चहाबरोबर पिऊन टाकतो. माझ्या घरी राहील, खर्च आमचा, महिन्यातून एकदा घरी येईल, असं ठरलं. १५ ऑगस्ट झाल्यावर तो तिला एसटीनं सोडायला आला. दाखला शर्टाच्या खिशात चार घड्या घालून आणला होता.

धाकटीची हजेरी पहिल्याच दिवशी झाली. मी विचारलं, काय म्हणालीस? "हजर." कुणी हसलं? "नाही. पण आडनाव सांगताना अडकले." बरं.

मोठी आता आठवीत बसते, वर्गात सगळ्यांहून वर्षानं मोठी. गणित बरं आहे, इंग्रजी अवघड जातं, संध्याकाळी माझ्याकडे मराठीचं वाचन. गोधडी पुरी झाली, दोघी तीच पांघरतात आणि रात्री त्यावरून भांडतात. गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. मशीन रिकामं पडलंय, गिऱ्हाईक आलंय, विकून टाकू का? मी फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "नको अब्बा, मत बेचो. दिवाली की छुट्टी में आती मैं, तब साड्याँ बहुत रहतीं."